गढीत माणसं किती मावतात

सरांनी स्वतःच्या लग्नाच्या पूजेला आलेली माणसं दहाने भागली होती, हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं. तेही पहिल्याच भेटीत, चहाचा कप हातात देता देता.

"मुलीकडची तीनशे माणसं जेवायला येतील, असा माझ्या वडिलांनी निरोप धाडला होता," वहिनी म्हणाल्या. "यांनी काय केलं, तर आचाऱ्याला तिसांचं सांगितलं. का? तर म्हणे मुलीचे वडील आकडा फुगवूनच सांगतात. माझे थोरले मामा त्या दिवशी पालघर स्टेशनसमोर मिसळ खाऊन केळव्याला परत गेले. अजून यांच्याशी बोलत नाहीत."

आतल्या खोलीतून आवाज आला, "तीनशे नव्हतेच! मी पत्रावळी मोजल्या होत्या."

"मग तीस होते का?"

आतल्या खोलीचं दार लागलं.

बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या एका शाळेत सर इतिहास शिकवायचे आणि मी गणित. मी उमरोळीहून रिक्षाने यायची, ते पालघरहून स्कूटरवर. डोक्यावर पिवळंजर्द हेल्मेट असायचं आणि ते काढायचं त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. हजेरी घेताना एखादी मुलगी म्हणायची, "सर, हेल्मेट," तेव्हा ते दचकून डोक्याला हात लावत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी गवंड्याकडे असतो तसला पोलादी टेप. मधेच कधीतरी तो खर्रकन उघडायचा आणि समोरच्याच्या पोटात टोचायचा.

पुस्तकात 'शत्रूची फौज दोन लाख होती' असं एखादं वाक्य आलं, की नासक्या दुधाचा वास यावा तसं सर नाक मुरडायचे. पुस्तक उलटं ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, "दोन लाखांची फौज सकाळी उठली. पुढे काय झालं?"

"लढायला गेली, सर!"

"चूक."

"तलवारींना धार लावली?"

"चूक. आधी परसाकडे गेली. दोन लाख माणूस! कुठे बसला? पाणी कुठून आणलं? आणि हत्ती धरा पाच हजार. लीद कोणी उचलली?"

वर्ग हसून लोळायचा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, व्हरांड्यातून जात असल्या तर भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या राहत. सहामाही परीक्षेत सरांनी एकदा पाच गुणांचा प्रश्न घातला होता: 'शत्रूची फौज दीड लाख होती, यावर विश्वास ठेवू नका. सविस्तर लिहा.' मोठ्या बाईंनी तो प्रश्न रद्द करायला लावला. पण मुलांनी तोवर उत्तरं लिहिली होती, आणि त्या वर्षी इतिहासात जितकं शेण-मूत आलं तितकं आधी किंवा नंतर कधी आलं नसेल.

मला ते 'गणितबाई' म्हणायचे. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि मी डबा उघडायच्या आत सुरू व्हायचे.

"आकडे तीन जातींचे असतात, गणितबाई. एक घाईत सांगितलेला, एक भीतीने सांगितलेला, एक अभिमानाने सांगितलेला. घाईतल्याला दोनाने भागायचं, भीतीच्याला पाचाने, अभिमानाच्याला दहाने."

"आणि खरा आकडा?"

"तो कंटाळलेल्या माणसाकडे मिळतो. फौजेतल्या घोड्यांना रोज चंदी वाटणारा कारकून असतो ना, त्याच्याकडे. त्याला ना जिंकायचं असतं, ना हरायचं. त्याला घरी जायचं असतं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. सर खरोखर तसे जगायचे. पालकसभेत एक बाप म्हणाला, "पोराला शंभरदा सांगितलं, अभ्यास कर." सर म्हणाले, "म्हणजे दहादा." बाप जरा विचार करून म्हणाला, "दहादा पण नसेल, सर." डॉक्टरांनी त्यांना विचारलं, दिवसाला सिगारेटी किती ओढता? सर म्हणाले, "मी दोन सांगितल्या तर तुम्ही चार समजणार. म्हणून एक सांगतो." वहिनींनी बाजारातून दहा पाहुण्यांसाठी दूध आणायला सांगितलं, तर सर पिशवी हलवत एका पाहुण्यापुरतं घेऊन यायचे. पाहुण्यांना कोरा चहा मिळायचा.

पण त्यांची मनापासूनची इच्छा वेगळीच होती. त्यांना मोठी फौज डोळ्यांनी बघायची होती. पुस्तकातली खोडून काढता काढता माणसाला खरी बघावीशी वाटत असावी. त्यासाठी ते शाळा सुटल्यावर बोईसरच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. कारखान्यांची पाळी सुटली की खालचा रस्ता माणसांनी भरून जातो. सायकली, डबे, निळे शर्ट, सगळे एकाच दिशेने. सर कठड्याला टेकून, हेल्मेट घालून, टक लावून बघत राहायचे. एकदा मला घेऊन गेले.

"डोळे थोडे बारीक करा, गणितबाई. आता बघा. मोगल."

मी डोळे बारीक केले. मला कामगारच दिसत होते.

रोज एक हेल्मेटवाला गृहस्थ पुलावरून आपल्याकडे बघतो, ही गोष्ट खालच्यांच्याही लक्षात आलीच होती. त्या दिवशी बिहारकडचा एक उंच पोरगा मुद्दाम जिना चढून वर आला. गळ्यात डब्याची पिशवी. अदबीने म्हणाला, "गुरुजी, कोई खो गया है का? फोटो हो तो दिखाइए, हम लोग ढूँढ देंगे."

सर म्हणाले, "नहीं, नहीं. हम फौज देखता है."

पोरगा सरांकडे बघत राहिला, मग हेल्मेटकडे, मग खिशातल्या टेपकडे. मान डोलावून खाली गेला. दुसऱ्या दिवशी सर पुलावर पोचले तेव्हा तिथे तरण्या पोरांची रांग लागली होती. हातात दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पासपोर्ट साइज फोटो. काही जण बनियनवर उभे राहून छाती फुगवून दाखवत होते. फौजेची भरती पुलावर होणार आणि साहेब उंची मोजायला टेप घेऊन येतात, अशी बातमी वसाहतीभर पसरली होती. सरांनी परोपरीने समजावलं. कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी नाइलाजाने पाच-सहा जणांची उंची मोजली तेव्हा कुठे लोक वाट सोडायला तयार झाले. तो उंच पोरगा सगळ्यांत उंच भरला. पुढे कितीतरी दिवस तो सरांना रस्त्यात गाठून विचारायचा, "गुरुजी, रिजल्ट?"

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या हिवाळ्यातलं.

तारापूरच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. त्याच्या टोकाला फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, वेळची एक गढी आहे. किल्ला म्हणावा इतकी मोठी नाही. चार भिंती, एक धड बुरूज, वाकून जावं लागेल असं एकच दार. वर छप्पर नाही, आत घाणेरीची झुडपं. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की आपल्या पूर्वजांनी चाळीस होड्या घेऊन या गढीवर हल्ला केला आणि आतल्या दहा हजार फिरंग्यांना पळवून लावलं. गावाने ठरवलं, गढीसमोर दगड उभा करायचा आणि त्यावर हे लिहायचं. पालघरहून एक पुढारी उद्घाटनाला यायला कबूल झाले होते. मजकूर शुद्ध हवा, म्हणून गावचे पाटील आणि हिराबाय शाळेत आले. हिराबाय म्हणजे बोईसरच्या मासळीबाजारात बसणाऱ्या गावातल्या बायकांची पुढारीण. आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाची गिऱ्हाइकं घासाघीस सुरू करत.

पाटील म्हणाले, "सर, तुमी नुसतं झ्याक भाषेत लिवून द्या. दहा हजार फिरंगी व्हते, चाळीस होड्या व्हत्या."

सरांच्या चेहऱ्यावर तो नासक्या दुधाचा भाव आला. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो बाजूला सारला.

"पाटील, आधी गढी मापू."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं सरांनी. घाणेरीचे काटे टोचत होते, आणि गावातले निम्मे लोक भिंतीवर बसून बघत होते. मापं झाल्यावर सरांनी माझ्याकडून भागाकार करून घेतला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमच्या शाळेच्या चार वर्गांएवढीसुद्धा नाही. यात दोनशे माणसं उभी केली तर एकाला शिंकायचं असेल तर दुसऱ्याला बाहेर जावं लागेल."

कोणी हसलं नाही. पाटील भिंतीवरून खाली उतरले. सरांच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे आमचे बापजादे खोटं बोलत व्हते?"

"खोटं नाही हो. अभिमानाने..."

"मंग आमी आजवर पोरांना काय सांगितलं?"

सरांनी टेप मिटवून खिशात टाकला. आम्ही परत आलो. येताना स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, "सर, तुमचं काय गेलं असतं?" त्यांनी वेग वाढवला. हेल्मेटमुळे ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालले.

सोमवारपासून सरांना मासळी मिळेना.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बाजारच थंड आहे. दुसऱ्या दिवशी हिराबायच्या समोर पापलेटांची पाटी चमचमत होती. सरांनी वाकून एक उचललं. हिराबायने ते त्यांच्या हातातून काढून परत पाटीत ठेवलं.

"तुमाला नाय."

"का हो बाय?"

"तुमच्या हिशेबानं आमच्याकडं मासळीच नाय. दिसतात ना पाटीत दहा? भागा दहानं. जो एक उरला तो माझ्या घरच्यांना."

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सर दुसरीकडे गेले, तिसरीकडे गेले. सगळीकडे तेच. बुधवारी तर शाळेतल्या प्रत्येकाला बंदी झाली. चित्रकलेच्या सरांनी शपथ घेऊन सांगितलं, की माझा इतिहासाशी काही संबंध नाही, तरी त्यांना बोंबील मिळाला नाही. मोठ्या बाई शाकाहारी होत्या, पण त्यांच्या मांजरासाठी रोज मांदेली लागायची. तीही बंद. मांजराने दोन दिवस दूधपोळीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

घरी वहिनींनी तर कहरच केला. केळव्याचं माहेर त्यांचं, आठवड्यातून चार दिवस मासे नसतील तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. त्यांनी सरांना रोज दुधी करून घातला. ताटात वाढताना म्हणायच्या, "घ्या. एकच फोड आहे, पण अभिमानाने दहा समजा."

सर खचले. मात्र माघार घेतली नाही. एके सकाळी ते सरळ मासळीबाजारात गेले, हिराबायसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गढी भरून दाखवा. दोनशेच्या वर माणसं मावली तर सगळ्यांसमोर माफी मागतो. तुम्ही सांगाल तो आकडा दगडावर लिहितो."

हिराबायने कोयता बाजूला ठेवला. "आयतवारी या."

त्याआधी अटी ठरवायला बैठक झाली. सरांनी सांगितलं, नुसती माणसं चालणार नाहीत, प्रत्येकाच्या हातात हत्यार पाहिजे, कारण भालेवाल्या माणसाला जागा जास्त लागते. हत्यारं म्हणून वल्ही, काठ्या आणि छत्र्या मान्य झाल्या. धान्याच्या कोठाराची जागा सोडायची. "सोडू," हिराबाय म्हणाली, "तितं आमी जेवणाची पातेली ठेवतो." आणि किमान एक घोडा हवा. यावर बराच वाद झाला. शेवटी बोईसरला वरातीत नाचणारी एक पांढरी घोडी आहे, तिच्या मालकाशी बोलायचं ठरलं.

खरी अडचण पुढेच होती. फिरंगी व्हायला गावात कोणी तयार होईना. "आमच्या बापजाद्यांनी ज्यांना पळवलं, त्यांच्या जागी आमी उभं राहायचं?" पाटील म्हणाले. शेजारच्या कोळीवाड्यांतही विचारून झालं. पण तिथल्यांच्या मते हल्ल्यात त्यांच्याही होड्या होत्या, तेव्हा ते फिरंगी कसे होणार? मग हिराबायने निरोप धाडले. डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं वर्षानुवर्षं तिच्याकडून सुकी मासळी न्यायची. त्यांना जेवणाचं आमंत्रण गेलं. बोईसरच्या कामगार वसाहतीतही गेलं. रविवार, कारखान्यांना सुट्टी आणि वर मासळीचं जेवण. सकाळी नऊलाच वाळूवर जत्रा भरली.

पाड्यावरून आलेला एक म्हातारा, छत्री खांद्यावर, दाराशी थांबून पाटलांना म्हणाला, "फिरंगी म्हंजे कोन?"

"भायेरून आलेले," पाटील म्हणाले.

म्हाताऱ्याने पाटलांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कामगारांकडे पाहिलं. "मंग तुमी समदे जावा आत. आमी तर हितलेच हाव." आणि स्वतःच मोठ्याने हसत वाकून दारातून आत गेला.

त्याच्या मागून तो उंच पोरगा आला, दहा-बारा दोस्तांना घेऊन. सरांना बघून त्याचा चेहरा फुलला. "गुरुजी! भर्ती चालू हो गई?"

सरांनी एकदा आकाशाकडे पाहिलं. "हाँ," ते म्हणाले. "अंदर जाओ."

मला बुरुजावर बसवलं होतं, वरून मोजायला. सर दाराशी उभे राहून मोजत होते. पन्नास झाले. शंभर झाले. माणसं वाकून आत शिरत होती, वल्ही आडवी अडकत होती, कोणाची तरी छत्री आपोआप उघडत होती. सरांनी "दोनशे!" असं ओरडून सांगितलं तेव्हा मी वरून खाली पाहिलं. निम्मी गढी रिकामी होती. एक बाई घाणेरीशेजारी मुलाला मांडीवर घेऊन निवांत बसली होती.

भागाकार मी बरोबर केला होता, तो मी पुढे कित्येकदा करून बघितला. पण सरांनी माणसाला लागणारी जागा बहुधा स्वतःवरून धरली होती, आणि सर चांगले रुंद होते.

पाटलांनी खालून मिशी पिळली. "सर, अजून जागा हाय!"

सर मोजत राहिले. आवाज बारीक होत गेला. मग त्यांचं मोजण्यावरचं लक्ष उडालं. ते दारातून आत वाकून ओरडायला लागले, "असं नाही उभं राहायचं! सैनिक आहात तुम्ही! अंतर ठेवा, भाला फिरवायला जागा लागते!" आतल्यांना काही कळेना. सर समजावायला स्वतःच आत गेले, आणि त्यांच्या मागून माणसं येतच राहिली. वसाहतीतून आलेल्यांचा मोठा जथा तेव्हाच पोचला होता. बघता बघता सर गर्दीत बुडाले. मला वरून फक्त पिवळं हेल्मेट दिसत होतं, गढीच्या मधोमध, इकडून तिकडे हलणारं.

त्यातून त्यांचा आवाज आला, "मोजा, गणितबाई! मोजा!"

मी मोजत होते. पण डोकी स्थिर राहतील तर ना! शेवटी घोडी आणली. घोडी दाराशी आली आणि अडली. मालकाने मागून ढकललं, पाटलांनी पुढून ओढलं. ती कशीबशी आत गेली आणि जवळच्या एका बाईच्या अंबाड्यातला गजरा खायला लागली.

एवढं होऊन सगळं संपलं असतं. पण जेवणाची वेळ झाली म्हणून गावचा बँड वाळूवर येऊन उभा राहिला आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ती घोडी आयुष्यभर बँड वाजला की नाचत आली होती. ती नाचायला लागली. तिच्याभोवतीची माणसं मागे सरली, त्यांच्या मागची भिंतीला चिकटली, कोणी हसत होतं, कोणी किंचाळत होतं. आणि बाहेर होड्यांजवळ बसलेल्या गावातल्या तरण्या पोरांनी बँड आणि किंकाळ्या एकत्र ऐकल्या. त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. "हाणा रं!" म्हणून ते वल्ही घेऊन खरोखरच गढीवर धावून आले.

दार एकच, तेही वाकून जायचं. आतले बाहेर पडायला बघत होते, बाहेरचे आत घुसायला. दारात दोन्हीकडची माणसं अशी काही अडकली, की कोणालाच हलता येईना. उन्ह चढलं होतं. मी वरून ओरडत होते, पाटील खालून ओरडत होते, बँडवाले डोळे मिटून वाजवत होते. हसणं थांबलं. आतून एका मुलाच्या रडण्याचा आवाज यायला लागला. पिवळं हेल्मेट आता अजिबात हलत नव्हतं.

तेव्हा हिराबाय उठली. तिने आधी ढोलवाल्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. बँड थांबला. मग दाराशी जाऊन, कमरेवर हात ठेवून, बाजारात भाव सांगते त्या आवाजात ओरडली, "पोरांनो, माघारी! जो मागं सरल नाय, त्याला आज जेवण नाय!"

हल्ला जागच्या जागी मोडला. पोरं मागे हटली. मग तिने आतल्यांना एकेक करून बाहेर काढलं, आधी मुलंवाल्या बाया, मग म्हातारे, मग बाकीचे. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून पंगतीकडे ढकलत होती. सर अगदी शेवटी आले. त्यांच्या मागे फक्त घोडी होती.

सरांचा शर्ट भिजला होता, चष्मा हातात होता. ते पंगतीत त्या उंच पोराशेजारी जाऊन बसले. आज त्यांच्या पानात काय पडतं, हे बघायला सगळ्यांचे डोळे तिकडे लागले होते. हिराबायने भात वाढला, त्यावर कालवण, आणि शेजारी सुरमईची मोठी तुकडी. वाढून झाल्यावर ती तिथेच उकिडवी बसली.

"सर, घाबरलात?"

"हो," सर म्हणाले. "खूप."

"किती व्हते आत?"

मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी नुसती शेजारच्या पोराकडे मान वळवली. "मला काय माहीत, बाय. मला हा एकटाच दिसत होता. ह्याची पाठ. बाकी फौज असेल मागे-पुढे कुठेतरी." मग जरा थांबून म्हणाले, "हा सारखा सांगत होता, गुरुजी, साँस लो, हमको पकड़ के रखो. मी ह्याचा शर्ट धरून उभा होतो."

पोरगा लाजला. त्याच्या शर्टाची मागची बाजू खरंच मुठीएवढी चुरगळलेली होती.

जेवण झाल्यावर सरांनी कबूल केल्याप्रमाणे उभं राहून माफी मागितली. पाटील खूश झाले. म्हणाले, "मंग लिवा दहा हजार."

सर म्हणाले, "लिहितो. शब्द दिलाय. पण एक सांगू का? आत दहा हजार असते, तर तुमच्या पूर्वजांना लढायचं कामच नव्हतं. दार अडवून बसायचं आणि दुपारपर्यंत वाट बघायची. आतले आपोआप शरण आले असते. आज बघितलंत ना? आत माणसं थोडी होती, त्यांना हलायला जागा होती, बंदूक भरायला जागा होती. तसल्यांशी चाळीस होड्यांनी लढायचं, हे काम अवघड."

पाटलांनी गढीच्या त्या एकुलत्या दाराकडे पाहिलं. "म्हंजे फिरंगी थोडे व्हते, म्हनून आमचे बाप मोठे?"

"हो."

"बरोबर हाय," पाटील म्हणाले. आणि मग दुःखाने, "पण दगडावर असं लिवता येत नाय, सर. 'फिरंगी थोडे व्हते' लिवलं तर शेजारचा गाव हसंल."

यावर तोडगा हिराबायने काढला. ती भांडी गोळा करता करता म्हणाली, "आकडा कशाला? लिवा, पुष्कळ व्हते."

त्याप्रमाणे लिहिलं. 'गढीत शत्रू पुष्कळ होता. आमचे पूर्वज चाळीस होड्यांतून आले आणि त्यांनी गढी घेतली.' होड्यांच्या आकड्यावर सर काही बोलले नाहीत. सोमवारी मोठ्या बाईंच्या मांजराला मांदेली मिळाली.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो. मांडव घातला होता, खुर्च्या होत्या. पालघरहून आलेल्या पुढाऱ्यांनी पडदा ओढला, दगडावरचा मजकूर वाचला आणि त्यांना तो बहुधा फिका वाटला. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "पुष्कळ म्हणजे किती? मी सांगतो! पन्नास हजार! पन्नास हजारांची बलाढ्य फौज या गढीत ठाण मांडून बसली होती!"

टाळ्या वाजल्या. मी सरांकडे पाहिलं. ते वहिनींच्या शेजारी, पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून शांत बसले होते.

उभे राहिले ते पाटील.

"नाय सायेब," ते भर सभेत म्हणाले. "मावत नाय तेवढे."

पुढाऱ्यांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. "काय म्हणालात?"

"आमी भरून बघितलंय. घोडीसकट."

सरांनी बाजूला वाकून पाटलांच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. "बसा हो पाटील," ते कुजबुजले, "पाहुणे आहेत."

पाटील बसले नाहीत.